अर्धा सूर खाली

त्या मंगळवारी सकाळी तिच्या हातातून कप निसटला. खाली पायपुसणं होतं म्हणून फुटला नाही, पण चहा सगळा सांडला.

"झोपेतच आहेस का अजून?" आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

"हो ना," म्हणत तिनं फडकं घेतलं. खरं म्हणजे ती टक्क जागी होती. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं तेवढी अजून उठली नव्हती.

फरशी पुसून ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि दिव्याखाली डावा तळवा धरला. गेले दोन महिने हा तिचा रोजचा नेम होता. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा गुबगुबीत उंचवटा असतो, तो जागेवर आहे का? आहे. काल होता तेवढाच आहे? असावा. तिनं दुसऱ्या हाताच्या बोटानं तो दाबून पाहिला. बाबांच्या डाव्या हाताला त्या जागी नुसती खळगी होती, चमचाभर पाणी राहील एवढी.

बाबांनी अडतीस वर्षं गिटार वाजवली. हॉटेलांत वाजवली, लोकांच्या लग्नांत वाजवली, नाटकांच्या मागे अंधारात बसून वाजवली, आणि उरलेल्या वेळात शिकवली. हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, सरावानं जाईल. दोन वर्षं सराव वाढवत नेला. शस्त्रक्रिया झाली तोवर मनगटातली नस कधीच दबून गेली होती. डॉक्टर म्हणाले, मास्तर, तुम्ही फार उशिरा आलात. पट्टी सुटली त्या दिवशी बाबांनी गिटार मांडीवर घेतली, तारेवर बोट ठेवलं आणि मान वाकवून, बोट खरंच तारेवर आहे का, ते डोळ्यांनी पाहून घेतलं. ते पाहणं तिच्या मनातून कधी गेलं नाही.

त्यांची गिटार वर्षभर भिंतीला टांगलेली राहिली. शिकवणी चालू होती, पण तोंडी.

मग तिचा उजवा हात गेला.

ती एका ग्रंथालयाच्या कचेरीत काम करायची. तिथं जुनी पुस्तकं यंत्राखाली धरून त्यांची पानं संगणकात उतरवत. यंत्र अक्षरं वाचायचं आणि कुजलेल्या पानांवर ठेचकाळायचं. यंत्रानं केलेल्या चुका ती दुरुस्त करायची. एका पानावर चाळीस-पन्नास, दिवसाकाठी साठेक पानं. प्रत्येक चुकीला माउस तिथवर न्यायचा, टिचकी मारायची, अक्षर बदलायचं, पुढे जायचं. वाचनाची गोडी असलेल्या माणसाला यासारखी नोकरी नाही, असं तिला सहा वर्षं वाटत आलं होतं. सातव्या वर्षी उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढल्यासारखं व्हायला लागलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पट्टा दिला, व्यायाम दिले, दर वीस मिनिटांनी थांबायला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. शिवाय आपल्या अकलेनं माउस डाव्या हाताला घेतला, म्हणजे उजव्याला आराम. त्या वेळी कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईंनासुद्धा नाही, तिनं त्यांना ते सांगितलंच नव्हतं.

पट्टा बांधून ती घरी आली त्या संध्याकाळी बाबा बराच वेळ तिच्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुझा उजवा गेला. माझा डावा गेला."

"छान. बाजारात कटोरा घेऊन बसूया दोघं," ती म्हणाली.

"तसं नव्हे गं. माझा उजवा शाबूत आहे. तुझा डावा शाबूत आहे. आण ती खाली."

लहानपणी ती त्यांच्याकडेच शिकली होती. बोटांना सगळं आठवत होतं. बाबांनी गिटार आपल्या मांडीवर घेतली. ती त्यांच्या डाव्या अंगाला बाकावर खेटून बसली, उजवा हात त्यांच्या पाठीमागून बाकाच्या कडेवर टेकवला आणि डाव्या हातानं गिटारची मान धरली. ती तारा दाबायची, ते छेडायचे. पहिले आठ दिवस दोघांचं मिळून जे काही वाजलं त्याला आई 'भांड्यांचा आवाज' म्हणाली. महिन्यानं ती दाराशी उभी राहून ऐकायला लागली. "दोघांत मिळून एक धड वादक झाला एकदाचा," ती शेजारणीला सांगायची. "घरात पूर्ण माणूस मी एकटीच."

बाबा तिला 'डावीबाई' म्हणायला लागले. संध्याकाळी सात वाजले की हाक यायची, "चला डावीबाई, उजवे येऊन बसलेत." आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. "दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. मी केलं ते तू करायचं नाहीस. कबूल?"

"कबूल."

दुखायला लागलं त्याला आता दोन महिने झाले होते. दिवसभर माउस डाव्या हातात, संध्याकाळी गिटारची मानही त्याच हातात. तिनं नसांच्या तपासणीची वेळ दोनदा घेतली आणि दोनदा फोन करून रद्द केली. तपासणीत काय निघेल ते तिला ठाऊक होतं. ते कागदावर आलं की संध्याकाळचे सात संपले. सात संपले की बाबा पुन्हा भिंतीकडे बघत बसतील. एकीकडे हाताची भीती, दुसरीकडे हात थांबण्याची भीती. दोन्हींच्या मध्ये ती रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून उभी राहायची.

त्यात तिसरी भीती येऊन मिळाली. बाबा साडेसहाला फिरायला जायचे आणि ती पावणेसातला कचेरीतून यायची. एकदा सहज तिनं गिटारला हात लावला, तर सूर खाली. तिनं फोनवरच्या ट्यूनरनं पाहिलं. सहाही तारा अर्धा सूर उतरलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबा दुपारी गिटार लावून ठेवतात हे तिला माहीत होतं, आणि बाबांनी उभ्या जन्मात यंत्रानं सूर लावलेला नव्हता. कानानंच लावायचे. म्हणजे आता कानही?

हात गेल्यावर त्यांच्याकडे उरलं होतं काय, तर कान. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ते फिरून येण्याच्या आत ती खोलीचं दार लोटून घ्यायची, एकेक खुंटी पिळून तारा जागेवर चढवायची आणि गिटार होती तशी ठेवायची. सहा खुंट्या पिळताना अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत जायची. सातला बाबा बसायचे, एकदा सगळ्या तारांवरून बोट फिरवायचे आणि क्षणभर थांबायचे. त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. मग सुरू करायचे. तिला वाटायचं, आपण त्यांची लाज राखली.

तर त्या मंगळवारी कप निसटला. कचेरीत दुपारी माउस धरवेना, म्हणून तिनं तो मुठीत धरून मनगटानं ढकलला. घरी आली, तारा चढवल्या, आणि शेवटची खुंटी पिळताना हात एकदम बधिर झाला. खुंटीवर बोटं होती, पण ती कुणा दुसऱ्याची वाटत होती. बोट जागेवर आहे का, ते तिनं मान वाकवून डोळ्यांनी पाहिलं.

आपण काय केलं हे तिला लगेच कळलं. तिनं हात खुंटीवरून काढून घेतला.

"चला डावीबाई."

"आज नको बाबा. ऑफिसचं काम घरी आणलंय."

"एवढं?"

"उद्या द्यायचंय."

"बरं, बरं. आधी पोटोबा, मग गिटार," ते हसून म्हणाले. "पण मध्ये मध्ये उठ. वीस मिनिटं."

"हो."

ती आपल्या खोलीत जाऊन संगणकासमोर बसली. पडदा उजळला, तिनं काहीच उघडलं नाही. डावा हात मांडीवर पालथा पडला होता. पलीकडच्या खोलीतून आवाज यायला लागला. बाबा एकटेच वाजवत होते, म्हणजे छेडत होते. तारा दाबायला कुणी नव्हतं, म्हणून नुसत्या मोकळ्या तारा. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. पुन्हा सहा. अर्धा तास तेवढंच. मध्येच थांबून त्यांनी एक तार पुन्हा पुन्हा वाजवली, जसं एखादा शब्द ऐकू आला नाही म्हणून कुणी परत परत विचारावं.

जावं आणि सांगून टाकावं, असं तिला तीनदा वाटलं. तिसऱ्यांदा ती खुर्चीतून उठलीही. मग आवाज थांबला आणि आईनं जेवायला हाक मारली.

बुधवारी ती कचेरीत असताना बाबा गिटार खोळीत घालून बाहेर पडले. परत येताना बसमध्ये त्यांच्याजवळ खोळ नव्हती. बस शेवटच्या थांब्याला लागली, सगळे उतरले, खिडकीशी बसलेला एक म्हातारा उतरला नाही. ड्रायव्हरला वाटलं, डुलकी लागली असेल.

त्यांच्या खिशात चष्मा, रुमाल आणि वाद्यांच्या दुकानाची पावती निघाली. पावतीवर 'गिटार १' एवढंच लिहिलं होतं.

त्या पावतीनं पुढचे तीन आठवडे तिला खाल्लं. घरात माणसं आली, गेली. मावशी राहून गेली. शिकवणीच्या लोकांनी येऊन डोळे पुसले. ती सगळ्यांना चहा द्यायची, उजव्या हातानं. मनात एकच घोळत राहायचं. मंगळवारी मी नाही म्हटलं आणि बुधवारी ते गिटार विकायला गेले. दुसरं काय असणार? डावा हात 'काम आहे' म्हणाला, आता ठेवून करायचं काय? आईला तिनं पावती दाखवली नाही. दुकानात जायचं तिच्यानं होत नव्हतं. दुकान कचेरीच्या वाटेवरच होतं. ती बस बदलून, लांबून जायला लागली.

एका सुट्टीच्या दुपारी बाबांचा फोन वाजला. तो अजून चार्जरलाच होता, आई रोज पुसून ठेवायची. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. सहाव्या घंटीला तिनं उचलला.

"मास्तर, झाली हो तुमची गिटार! किती दिवस झाले, आहात कुठे? तुम्ही सांगितली तशीच केलीय. या, घेऊन जा."

तिला सांगावं लागलं. मग तो आवाज म्हणाला, "ताई, तुम्ही या. कधीही या."

विकली नव्हती. तेवढ्यापुरतं तिचं मन हलकं झालं आणि लगेच जास्तच दचकलं. सांगितली तशी म्हणजे कशी?

"जाऊन आण गं," आई म्हणाली. "परक्याच्या दुकानात नको राहायला ती."

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली होती. छताला गिटारी मानेनं टांगलेल्या, खाली सरसाचा वास, आणि मधोमध लाकडी बाकावर एक व्हायोलिन पोट उघडून पडलेलं. कारागीर साठीचा होता, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यानं हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं, आणि गिटार आणून तिच्या समोर ठेवली.

मानेला दोऱ्यानं पुठ्ठ्याचं लेबल बांधलं होतं. 'तक्रार' असं छापलेल्या ओळीत लिहिलं होतं: मान वाकली? त्यावर रेघ. खाली: कान? त्यावरही रेघ. त्याच्या खाली ठळक अक्षरात: हलक्या तारा. तारा लाकडाच्या जवळ आणणे. डावीबाईसाठी.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"मास्तर घाबरून आले होते त्या दिवशी," कारागीर म्हणाला. "इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. म्हणाले, मी रोज दुपारी तारा अर्धा सूर उतरवून ठेवतो आणि संध्याकाळी त्या चढलेल्या असतात. एक तर हिची मान वाकलीय, नाहीतर माझा कान गेलाय. बघून सांग, आणि कान गेला असेल तर तेही सांग, लपवू नकोस."

"उतरवून ठेवायचे? मुद्दाम?"

"तार सैल असली की दाबायला कमी जोर लागतो ना, ताई. बोटाला सोपं." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, तो लेबलाचा दोरा सोडवत राहिला. "म्हणाले, माझ्या मुलीचा डावा हात दुखतोय. मी विचारलं, तिनं सांगितलं का? म्हणाले, नाही. पण शेजारी बसतो ना मी. तार दाबताना ती श्वास धरते. मीपण धरायचो."

तिनं गिटारच्या लाकडावर हात ठेवला, कुठंतरी ठेवायला हवा होता म्हणून. सहाही तारा, अगदी सारख्या, अर्धा सूर खाली. एवढा नेम धरून चुकणारा कान कुठं असतो? एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या चुका शोधल्या, आणि हे कळू नये.

"मी म्हटलं, मास्तर, मग सरळ विचारा की तिला. तर म्हणाले, विचारलं की ती खरं सांगेल. खरं सांगितलं की थांबावं लागेल. मला भीती वाटते." कारागिरानं लेबल बाजूला ठेवलं. "मग मी मान तपासली, सरळसोट. कान तपासला, मी सहा सूर दिले, त्यांनी सहाही ओळखले, वर माझाच एक चुकीचा काढला. मी म्हटलं, मास्तर, तुमचं काही गेलेलं नाही. आणि तारा आपोआप उतरतात. आपोआप चढत नाहीत कधी."

"मग?"

"मग त्यांनी गिटारकडे पाहिलं. आणि असे हसायला लागले! त्या स्टुलावर, तुम्ही बसलाय तिथंच. म्हणाले, अरे, चोर घरातलाच आहे की. पोरगी मला बहिरा समजून सांभाळतेय. हसता हसता डोळे पुसले. हलक्या तारा घालायला सांगितल्या. जाताना दारात वळले आणि म्हणाले, आज घरी गेलो की विचारतोच तिला. पुरे झालं आता हे."

ती गिटार घेऊन आली. बसमध्ये तिनं खोळ मांडीवर उभी धरली होती आणि खिडकीजवळच्या सीटकडे पाहिलं नव्हतं. तारा मी चढवल्या, म्हणून ते घाबरले. घाबरले, म्हणून दुकानात गेले. दुकानातून घरी येत होते. मला विचारायला येत होते. ती साखळी मनात पुन्हा पुन्हा फिरत राहिली आणि कुठल्याच कडीपाशी तुटेना. डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. हे असंच ठेवलं तर आपल्याही तळव्याला ती खळगी पडणार, हे तिला आता दिवसाच्या उजेडासारखं दिसत होतं. तिनंही ठेवलं होतं, त्यांनीही ठेवलं होतं, एकमेकांसाठी, एकमेकांपासून लपवून.

घरी आल्यावर तिनं खोळ काढली. सात वाजायला आले होते. ती बाकाच्या डाव्या टोकाला आपल्या जागी बसली आणि गिटारचं पोट उजवीकडे, बाबांच्या जागी ठेवलं. मान बरोबर तिच्या पुढ्यात आली. उजवा हात लांब करून तिनं तारांवरून अंगठा फिरवला. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. सूर अर्धा खाली होता. कारागिरानं तसाच लावला होता.

आई हात पुसत दाराशी आली. "आणलीस?" मग थोडं थांबून, "वाजव की गं जरासं. घर कसं मुकं झालंय."

तिनं डावी बोटं तारांवर ठेवली. तारा खरंच मऊ होत्या, दाबल्या तर लगेच खाली बसत होत्या. तरीही अंगठ्यातून कळ निघाली आणि त्याच वेळी तिला स्वतःचा श्वास ऐकू आला, म्हणजे ऐकू येईनासा झाला. तिनं तो धरला होता.

शेजारची जागा रिकामी होती. विचारायला येणारं माणूस तीन आठवडे वाटेतच होतं.

तिनं श्वास सोडला, बोटं तारांवरून उचलली आणि हात मांडीवर उताणा ठेवला.

"आई, मी नाही वाजवणार."

"का गं?"

ती आईकडे वळली नाही. ती उजवीकडे पाहून, नेहमीच्या आवाजात, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"हो बाबा, दुखतो. दोन महिने झाले, डावा हात दुखतोय माझा. तारा मीच चढवत होते. आणि त्या मंगळवारी मला ऑफिसचं काहीएक काम नव्हतं."